मृगव्याधेश्वरी एक दिवस

गेल्या पौषात आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. एकत्र कुटुंबात अबोला ही नवलाची गोष्ट नव्हे; वर्तमानपत्राची घडी कोणी मोडली एवढ्यावरूनही तो धरला जातो आणि दिवेलागणीस आपोआप सुटतो. हा तसा नव्हता. आमच्या थोरल्या बंधूंनी तो प्रत्यक्ष आपल्या मुलाशी धरला होता, आणि मुलगा चार वर्षांनी अमेरिकेहून घरी आलेला.

कारण असे घडले. आमचा हा पुतण्या टेक्सास संस्थानात यंत्रशास्त्राच्या नोकरीवर आहे. दुपारच्या पंगतीस घरातील बालमंडळी त्याच्या फोनमधील चित्रे पाहत बसली होती. घर, बर्फ, मोटार अशी चित्रे जाता जाता एक भलतेच निघाले. पुतण्या गुडघे टेकून बसलेला, हातात रायफल, तिच्या नळीच्या टोकास एक जाड काळे नळकांडे, आणि पुढ्यात एक मोठे थोरले डुक्कर आडवे पडलेले. आमच्या सहा वर्षांच्या नातीने विचारले, ‘‘काका, हे डुक्कर झोपले आहे का?’’ पंगतीत कोणी काही बोलेना. बंधूंनी ताटातील भात तसाच ठेवून पाणी सोडले आणि ते उठले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात ढेकूणही चिमटीने उचलून बाहेर टाकावयाचा, त्या घरातील हा मुलगा शिकार करतो, ही वार्ता आम्हां सर्वांसच नवी होती. आमच्या वहिनींनी तेवढे त्याच्या पानावर तूप वाढले. आयांचे असेच असते.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. आणि संस्कृत शिकविणाऱ्यास मृगयेचे वर्णन शिकविल्यावाचून गत्यंतर नसते. शाकुंतल उघडावे तो पहिल्याच अंकात राजा हरिणामागे धावत आहे आणि तपस्वी हात वर करून त्यास थांबवीत आहेत. तेव्हा मुलाचे म्हणणे तरी ऐकून घ्यावे, असे मनात आले. परंतु घरात ते ऐकणे शक्य नव्हते. आम्ही त्यास म्हटले, ‘‘उद्या पहाटे नांदूर-मध्यमेश्वरास जाऊ. पक्षी पाहू.’’ तो म्हणाला, ‘‘काका, पक्षी पाहावयास नेता आहात की माझी उलटतपासणी घ्यावयास?’’ आम्ही म्हटले, ‘‘दोन्ही.’’

नाशकाहून हे स्थान सुमारे चाळीस किलोमीटर. पंचवटीतून औरंगाबादच्या रस्त्यास लागावे, चांदोरी मागे टाकावी आणि निफाडकडे वळावे. चांदोरीस गोदावरीच्या पात्रातच देवळे आहेत. पावसाळ्यात ती पाण्याखाली जातात आणि उन्हाळ्यात कोरडी होऊन उभी राहतात. दोन्ही अंगांस द्राक्षांचे मळे. पहाटे मळ्यांतून जागोजाग शेकोट्यांचा धूर निघत होता. कडाक्याच्या थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जाळ करतात. निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव, १८४२ सालचे. परंतु हल्ली ते वर्तमानपत्रांत येते ते बहुधा थंडीच्या आकड्यासाठी. त्या पहाटे मोटारीतील काटा सहा अंश दाखवीत होता. तो पाहून पुतण्या आपल्याशीच बोलावे तसे बोलला, ‘‘आज इथे आवाज सावकाश चालतो आहे.’’

आम्ही विचारले, म्हणजे काय? आणि येथूनच आमच्या संभाषणास आरंभ झाला.

विज्ञानाचे शिक्षक रजेवर असत तेव्हा त्यांचे तास आमच्याकडे येत, म्हणून एवढे आम्हांस ठाऊक होते की, शून्य अंशावर ध्वनी हवेतून सेकंदास ३३१ मीटर चालतो आणि उष्णता एक अंशाने वाढली की त्याचा वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे त्या सहा अंशांच्या पहाटे तो ३३५ मीटर, आणि नाशकातील चाळीस अंशांच्या दुपारी ३५५ मीटर. ह्या वीस मीटरांच्या फरकाने कोणाचे काय बिघडणार, असे आम्ही जन्मभर समजत होतो. पुतण्या म्हणाला, ‘‘माझे बिघडते. माझी गोळी ह्या आकड्याच्या खाली राहावी लागते.’’

बंदुकीचा आवाज एक नसतो, निदान तीन असतात, असे त्याने सांगितले. पहिला नळीच्या तोंडाशी; जळालेल्या दारूचा वायू एकदम मोकळ्या हवेत सुटतो त्याचा धमाका. दुसरा गोळीचा स्वतःचा. ती ध्वनीहून वेगाने जाऊ लागली की वाटभर हवेला तडाखा देत जाते. तिसरा यंत्राच्या खटक्याचा आणि गोळी लागते त्या ठिकाणचा; तो किरकोळ. चित्रात दिसणारे काळे नळकांडे म्हणजे सायलेन्सर. त्यात पडद्यांमागे पडदे असतात. वायू त्यांत अडखळत, निवत, सावकाश बाहेर पडतो आणि पहिला आवाज पुष्कळ उतरतो. पण पुरता नाहीसा होत नाही. शिकारी रायफलीचा आवाज कानाशी १६० डेसिबेलांच्या आसपास असतो. सायलेन्सरने तो वीस ते तीस-पस्तीसांनी खाली येतो. १४० च्या वरचा एकच धमाकाही कानास कायमची इजा करू शकतो, हे लक्षात घेता हा फरक लहान नव्हे. दुसऱ्या आवाजापुढे मात्र हे नळकांडे हतबल आहे. कारण तो आवाज बंदुकीत नसतोच. गोळीबरोबर धावत असतो.

हे आम्हांस नीट उमगले ते धरणावर पोहोचल्यावर. गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाशी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एक बंधारा बांधला गेला. शेतीसाठी पाणी साठविण्याचा हेतू. परंतु दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, बेटे आणि लव्हाळी वाढली, आणि पाटबंधाऱ्यांस जो तोटा झाला तो पाखरांचा लाभ ठरला. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. २०१९ साली रामसर करारातील पाणथळींच्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव ह्याचेच गेले. चापडगावाशी मनोरे आहेत. तेथील गाईडने दुर्बीण लावून दिली. एवढ्यात धुक्यातून एक मासेमाऱ्याची होडी निघाली. ती पाण्यावरील लाटांहून वेगाने चालली होती, म्हणून तिच्या दोन्ही अंगांस बाणाच्या टोकासारखी लाटेची रेघ उमटत होती. आणि पलीकडे वारकरी पाखरे संथ तरंगत होती, त्यांच्या भोवती साधी वर्तुळे. पुतण्याने बोट दाखविले, ‘‘ती होडी म्हणजे वेगवान गोळी. ते पाखरू म्हणजे मंद गोळी.’’ हवेतील ही रेघ अर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर ह्यांनी छायाचित्रात पकडून १८८७ साली प्रसिद्ध केली. चाळीस मिनिटांच्या तासात आम्ही जे फळ्यावर काढून दाखवू शकलो नसतो ते त्या होडीने दाखविले.

तेव्हा ज्यास दोन्ही आवाज नकोत त्याने सायलेन्सर लावावा आणि शिवाय ध्वनीहून मंद गोळी वापरावी. तिला तिकडे ‘सबसोनिक’ म्हणतात. सेकंदास ३०५ ते ३२० मीटर हा तिचा सामान्य वेग. तो ह्याहून फार जवळ नेला, समजा ३३५ पर्यंत, तर उन्हाळ्यात जी गोळी मुकाट जाते तीच थंडीच्या पहाटे तडाखा देते. शिवाय डब्यावर छापलेला वेग कारखान्याच्या नळीतून मोजलेला असतो. आपली नळी आखूड वा लांब असली की तोही बदलतो. निफाडचा काटा पाहून त्याच्या मनात जे आले ते हे.

पक्षी खूप होते. थापट्या, तलवार बदक, चमचे, उघड्या चोचीचे करकोचे; लव्हाळ्यांच्या कडेने जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटे टाकीत चालत होत्या. भोवत्या पाण्यावरून खालून उडत गेला की सगळी बदके एकदम उठत आणि पुन्हा बसत. केशरी रंगाची चक्रवाकांची एक जोडी वाळूवर होती. आमच्या काव्यांतून ह्या जोडीचा रात्रीचा विरह आम्ही किती विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावला असेल. परंतु दुर्बिणीतून ती इतक्या जवळून पाहण्याची ही दुसरीच वेळ. पुतण्याही तासभर दुर्बिणीस डोळा लावून होता. ज्याने शिकारीचा डोळा कमावला आहे त्यास पाखरू आमच्या आधी दिसते, हे आम्हांस मान्य केले पाहिजे.

दहाच्या सुमारास आम्ही मध्यमेश्वराचे दर्शन घेऊन मृगव्याधेश्वराकडे गेलो. पंचवटीतून निघालेला सुवर्णमृग पळत पळत ह्या भागात आला आणि रामाने त्यास येथे बाण मारला, असे गावकरी सांगतात. व्याधरूपी रामाने पूजिला म्हणून तो मृगव्याधेश्वर. पुढे गोदा-प्रवरासंगमाजवळ कायगाव आहे. मारीचाची काया पडली म्हणून ते कायगाव, असे तेथील लोक सांगतात. दोन गावांमध्ये अंतर पुष्कळ आहे. परंतु बाण रामाचा असल्यामुळे आम्ही त्याचा हिशेब करीत नाही.

देवळाच्या पायरीवर बसल्यावर आम्ही विचारले, ‘‘तुला आवाज एवढा का नको? चोरून मारावयाचे असते काय?’’

तो हसला नाही. म्हणाला, ‘‘काका, तिकडे बहुतेक लोक ते कानासाठी लावतात. माझ्या मित्राच्या वडिलांना आता हाक ऐकू येत नाही.’’ मग त्याने ह्या नळकांड्याची कुळकथा सांगितली, ती मोठी मौजेची आहे. यंत्रतोफ काढणारे हायरम मॅक्सिम आपल्याच तोफांच्या आवाजाने उतारवयात बहिरे झाले. आणि त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम ह्यांनी १९०९ साली ह्या मूक करणाऱ्या नळकांड्याचा पेटंट घेतला. बापाने जगाचे कान फोडावे आणि मुलाने ते राखावयास निघावे, हा योग एकाच घरातला. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने ह्यावर दोनशे डॉलर कर बसला, तो २०२६ च्या आरंभी शून्य झाला. नोंदणी मात्र आहेच. आपल्या देशात ह्यापैकी काही संभवत नाही, हे येथेच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने शिकार संपली. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरास वा रोहीस मारावयाचे तर वनखात्याच्या परवान्यावाचून मारता येत नाही. आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आवाज दाबणारे साधन हे प्रत्यक्ष बंदुकीच्याच व्याख्येत घातलेले आहे.

टेक्सासातील त्याच्या मित्राचे शेत लहान नाही, पण भोवती वस्ती आहे. स्पॅनिश लोकांनी आणलेली डुकरे तेथे रानटी होऊन अतोनात वाढली आहेत. एका रात्रीत मक्याचे शेत नांगरून टाकतात. ती रात्रीच येतात, आणि रात्री शेजारी निजलेले, गोठ्यात गुरे बांधलेली. म्हणून हा मुका प्रकार. तेथवर आम्हांस पटले. निफाडकडच्या कोणा ऊस-मका लावणाऱ्यास विचारले तर त्याला तर ह्याहून लवकर पटेल.

‘‘पण मी ते हरिणावर वापरले,’’ तो म्हणाला.

आम्ही काही विचारले नाही. तोच सांगू लागला. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मचाणावर बसला असता पांढऱ्या शेपटीची तीन हरणे चरावयास आली. त्याच्याजवळ स्वस्तातील जड मंद गोळ्या होत्या. टोकाशी बारीक भोक असलेल्या. त्याला वाटले, भोक आहे त्या अर्थी लागल्यावर फुलतील. अंतर सत्तर मीटर समजून त्याने नेम तीन बोटे वर धरला. चाप ओढला. ‘‘ओल्या पोत्यावर काठी मारावी तेवढाच आवाज झाला,’’ तो म्हणाला. ‘‘बाकीची दोन हरणे चरतच राहिली. तिसऱ्याने मान वर केली, जरा थांबले, आणि चालत झाडीत गेले. धावलेही नाही. मला वाटले, नेम चुकला.’’

खाली उतरून पाहिले तर रक्ताचा एकच ठिपका, पुढे माग नाही. पावलांनी मोजले तर अंतर शंभर मीटर. अंधार पडेपर्यंत शोधले, मग दिवा घेऊन शोधले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कोरड्या ओढ्यात ते सापडले. अंग अजून गरम होते. म्हणजे रात्रभर ते जिवंत होते.

एवढे सांगून तो पाण्याकडे पाहत बसला. आम्हीही बसलो. आम्हांस त्या ठिकाणी मारीच आठवला, ह्याचे कोणास नवल वाटू नये. वाल्मीकींनी त्या राक्षसास मरताना ओरडू दिले आहे, तेही रामाच्या आवाजात, सीता आणि लक्ष्मण ह्यांची नावे घेऊन. सगळा अनर्थ त्या ओरडण्यातून झाला. पण ह्याच्या हरिणाने तेवढेही केले नाही. आणि दुसरी गोष्ट आठवली ती दशरथाची. अंधारात शरयूच्या पाण्यात घडा भरण्याचा आवाज ऐकून त्याने हत्ती समजून बाण सोडला; तो मुनिपुत्रास लागला. शब्दवेध साधला होता. समोर कोण आहे हे मात्र ठाऊक नव्हते. निदान त्याला आर्त स्वर ऐकू आला, म्हणून तो धावत तरी गेला.

मग आम्ही त्यास मास्तरी रीतीने विचारले, ‘‘चुकले काय काय, ते एकेक सांग.’’ मुलाने आपली चूक जोराने उच्चारावी, ही आमची जुनी पद्धत. त्याने जे सांगितले ते आम्ही येथे सविस्तर देतो, कारण ज्यांची मुले-पुतणे परदेशी आहेत अशी घरे आमच्या वाचकांत थोडी नाहीत, आणि त्यांतील कोणी बंदूक उचललीच असेल तर हे त्याच्या कानी जावे.

गोळीच्या आघाताचे बळ तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग अर्धा केला की बळ चतुर्थांशावर येते. हरिणासाठी नेहमीची जी रायफल, .३०८, तिची पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदास ८६० मीटर वेगाने निघते आणि सुमारे ३६०० ज्यूल बळ घेऊन जाते. ह्याच्या .३०० ब्लॅकआउट नावाच्या काडतुसात सव्वाचौदा ग्रॅमची जड गोळी असते. वजन दीडपट, पण वेग ३१० मीटर. बळ सातशे ज्यूलांच्याही आत. पंचमांश म्हणा ना. इंग्लंडात १९९१ चा हरिणांचा कायदा आहे. त्यात मोठ्या जातीच्या हरिणावर चालवावयाच्या रायफलीस निदान १७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २३०० ज्यूल, बळ असलेच पाहिजे असे घातले आहे. म्हणजे त्या देशात ह्याचा हा प्रयोग गुन्हाच ठरला असता. हे वाचून इंग्रजांविषयी आमचा आदर त्या एका कलमापुरता वाढला.

बळ थोडे, तर ते नीट खर्ची तरी पडावे. साधी शिकारी गोळी वेगाने लागली म्हणजे तिचे तोंड फुलाप्रमाणे उघडते आणि जखम रुंद होऊन प्राणी तत्काळ पडतो. पण ती उघडावयास जो वेग लागतो तो मंद गोळीस कधीच नसतो. मग ती सुईसारखी आरपार जाते, भोक मिटते, रक्त बाहेर येत नाही, मागही लागत नाही. आणि टोकाचे ते भोक? ते नेमबाजीच्या गोळ्यांस घडणीच्या सोयीसाठी ठेवलेले असते, उघडण्यासाठी नव्हे. ह्या एका गैरसमजावर त्याचे हरीण रात्रभर जिवंत राहिले. मंद वेगातही पाकळ्या उघडाव्यात अशा खास तांब्याच्या गोळ्या निघतात, महाग असतात. ज्यास त्या परवडत नाहीत त्याने जिवावर मंद गोळी चालवू नये, असे तो म्हणाला, आणि आम्हांस वाटते, त्याने हे थोडे लाजत म्हटले.

दुसरे, ती थेंबासारखी खाली पडते. शंभर मीटर जावयास तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात पृथ्वी आपले काम करते. पन्नास मीटरांवर नेम जुळविलेली रायफल सत्तर मीटरांवर तीन बोटे खाली मारते, आणि शंभरावर वीतभर. अंतराच्या अंदाजात तीस मीटरांची चूक झाली की फुप्फुसाऐवजी पोट. वेगवान गोळीस एवढ्या चुकीने काही होत नाही. तिसरे, जड गोळी लांब असते. तिला तोल राखावयास नळीतील आट्यांनी भरपूर फिरवावे लागते, सात-आठ इंचांत एक फेरा. फिरकी कमी पडली तर ती डगमगते आणि सायलेन्सरच्या पडद्यासच धडकते. म्हणून आधी सायलेन्सर न लावता कागदावर मारून पाहावे. भोक गोल पडले पाहिजे, लांबट पडले तर ते काडतूस त्या रायफलीचे नव्हे.

चौथी गोष्ट त्याने अखेरीस सांगितली, आणि ती ऐकून आम्ही थक्क झालो. वेगवान गोळी ध्वनीच्या पुढे धावते. प्राण्यास ती आधी लागते आणि आवाज मागून येतो. मंद गोळीचे उलट. ती ध्वनीच्या मागे असते. नळीच्या तोंडाशी जो काही हलका आवाज होतो, खटक्याचा होतो, तो गोळीच्या आधी प्राण्याच्या कानी पोहोचतो. हरीण दचकून अंग आखडते वा वळते, आणि मग गोळी येते, ज्या ठिकाणी नेम धरला ते ठिकाण हललेले असताना. धनुर्धराची हीच अडचण. प्रत्यंचेचा टणत्कार बाणाआधी पोहोचतो. एवढी यंत्रविद्या करून माणूस पुन्हा धनुष्याच्या अंतरावर येऊन बसला! आणि धनुर्धर निदान जाणून असतो की आपल्याला जवळ जावे लागणार. बंदूक हाती आली की माणसास दूर बसण्याची बुद्धी होते.

जवळ जावे, हेच ह्या सगळ्याचे तात्पर्य आहे काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘‘हो. नाहीतर आवाज पत्करावा.’’ त्या हिवाळ्यानंतर त्याने हरिणावर मंद गोळी वापरली नाही. सायलेन्सर ठेवला, पण गोळी नेहमीची वेगवान. तडाखा होतो तो होऊ देतो. मंद गोळी डुकरांपुरती, पन्नास मीटरांच्या आत, दाणे टाकलेल्या जागेवर, जेथे प्राणी उभा आहे आणि मागे काय आहे हे दिव्यात स्पष्ट दिसते. न दिसले तर चाप नाही.

येताना आम्ही त्यास बिबट्याची गोष्ट सांगितली. आमच्या नाशकात ध्वनीहून मंद बाण अजून चालतो, पण तो मारावयास नव्हे. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रस्त्याकडील सावरकरनगरात बिबट्या शिरला, काही माणसे जखमी झाली, आणि वनखात्याने त्यास भुलीचा बाण मारून पकडले. ती बंदूक दाबलेल्या वायूवर चालते. बाण इतका सावकाश जातो की डोळ्यांना दिसावा. अंतर थोडेच ठेवावे लागते, वजनाचा अंदाज घेऊन औषध भरावे लागते, मांसल भाग पाहूनच मारावे लागते, आणि लागल्यावर भूल चढेपर्यंत कित्येक मिनिटे धीर धरावा लागतो. आणि ते सारे गच्च्यांवर हजारो लोक ओरडत असताना. पुतण्याने त्या बंदुकीविषयी एवढे प्रश्न विचारले की चांदोरी केव्हा मागे पडली कळले नाही. बहुतेकांची उत्तरे आमच्याजवळ नव्हती.

घरी पोहोचलो तेव्हा बंधू झोपाळ्यावर होते. पुतण्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने हरिणाची हकिगत पहिल्यापासून पुन्हा सांगितली; आम्हांस सांगितली त्याहून थोडक्यात, आकडे गाळून. बंधूंनी झोपाळा थांबविला. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, ‘‘रात्रभर?’’

‘‘हो, अण्णा. रात्रभर.’’

ते उठून आत गेले. रात्री जेवावयास आले तेव्हाही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूजेची फुले काढीत होतो, तो त्यांची हाक ऐकू आली. मुलाच्या मुंजीनंतर जे नाव त्यांनी टाकून दिले होते त्या लहानपणच्या नावाने ते त्यास हाक मारीत होते. पाणी तापले आहे, आधी तू आंघोळीला जा, म्हणून.